शिवार आणि श्रद्धास्थाने : विद्यार्थ्यांच्या अभ्यास-दौऱ्याचा एक मार्ग

महाराष्ट्रातील लागवडीखालील बहुतांश क्षेत्र कोरडवाहू आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वसलेल्या तालुक्यांत वर्षाकाठी जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातही खंड पडतो तो नेमका पिकास पाण्याची निकड असते तेव्हा. अशा प्रदेशात शेती टिकवावयाची तर माती, पाणी, गवत व झाडे यांचा वापर हात राखूनच करावा लागतो. हे शास्त्रज्ञांनी सांगितले आहे, शासनाच्या अनेक योजनांचा तोच पाया आहे आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकांतही ते छापलेले आहे. परंतु सर्वांना ठाऊक असलेली ही गोष्ट एखादे गाव प्रत्यक्षात आणते आणि शेजारचे गाव आणीत नाही, असे का होते? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळणे कठीण. त्यासाठी गावात जावे लागते.

राज्यात ज्या ठिकाणी असा संयम काही काळ तरी पाळला गेला, त्यांतील बऱ्याच ठिकाणी एक समान गोष्ट आढळते. तेथे कामाचा आरंभ एखाद्या मंदिराच्या ओसरीवर, चर्चच्या आवारात किंवा आश्रमाच्या प्रार्थनाभूमीवर झाला. श्रद्धेने माणसे एकत्र आली, एकत्र आलेल्या माणसांनी नियम केले आणि नियमांनी पाणी अडविले. हा संबंध खरोखरच कार्यकारणाचा आहे की केवळ योगायोगाचा, आणि श्रद्धेच्या बळावर केलेल्या नियमांचा भार नेमका कोणावर पडला, हे तपासून पाहणे हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यास-दौऱ्याचा उत्तम विषय होऊ शकतो. वसईच्या किनाऱ्यापासून वर्ध्याच्या धाम नदीपर्यंतचा असा एक आठ दिवसांचा मार्ग येथे मांडला आहे. शैक्षणिक सहलींसाठी राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्या सवलतीच्या दराने मिळत असल्याने सर्वसाधारण महाविद्यालयांनाही तो आवाक्यातला आहे.

वसई : गोड्या पाण्याची बावखले

दौऱ्याचा पहिला मुक्काम पालघर जिल्ह्यातील वसई. १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी जिंकलेला येथील किल्ला सर्वांच्या परिचयाचा आहे. विद्यार्थ्यांनी मात्र किल्ल्याबरोबरच वाड्या पाहाव्यात. येथील सामवेदी, वाडवळ आदी समाजांतील हिंदू व ख्रिस्ती शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजीपाला पिकवीत आले आहेत. राजेळी जातीची केळी वाळवून केलेली येथील 'सुकेळी' प्रसिद्ध आहेत. घर, वाडी आणि चर्च किंवा मंदिर ही येथील समाजजीवनाची तीन ठाणी होत.

समुद्र इतका जवळ असूनही या पट्ट्यातील विहिरींना गोडे पाणी राहिले, यामागे बावखलांचा मोठा वाटा आहे. बावखल म्हणजे वाडीच्या सखल भागात खोदलेले उथळ तळे. पावसाळ्यात ते भरते, पाणी सावकाश जमिनीत मुरते आणि भूगर्भातील गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यास मागे रेटून धरतो. गोड्या पाण्याचा उपसा बेसुमार झाला की हा तोल ढळतो, खारे पाणी आत सरकते, आणि एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी होण्यास फार काळ लागतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकू लागली, तेव्हा वसईतील विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले आणि बावखले बुजवून इमारती उभ्या राहू लागल्या.

या प्रश्नावर १९८८ च्या सुमारास 'हरित वसई संरक्षण समिती'चे आंदोलन उभे राहिले. त्याचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू आणि मराठीचे ख्यातनाम लेखक होते. पुढे जानेवारी २०२० मध्ये धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. आंदोलन धर्मगुरूंच्या नेतृत्वाखालचे असले तरी मागणी पाण्याची आणि झाडांची होती. त्यामुळे भिन्न धर्मांचे वसईकर त्यात एकत्र आले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष नोंदवावी. त्याचबरोबर, आंदोलनानंतरही नागरीकरण थांबले नाही आणि २००९ मध्ये येथे महानगरपालिका अस्तित्वात आली, हेही वास्तव समोर ठेवावे. जमिनीला शेतीपेक्षा कितीतरी पट अधिक भाव येऊ लागला म्हणजे निसर्गनिष्ठा कोठवर टिकते, हा वसईने विचारलेला प्रश्न आज राज्यातील प्रत्येक वाढत्या शहराच्या वेशीवर उभा आहे.

दौरा ऑक्टोबरच्या आरंभी निघाल्यास ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा 'आगेरा' हा सुगीचा सण पाहावयास मिळू शकतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद घेतला जातो. घाटावरील शेतकरी नवे धान्य प्रथम ग्रामदैवतापुढे ठेवतो, त्यामागील भावना यापेक्षा वेगळी नाही.

नायगाव : देवस्थानच्या जमिनीवरील प्रयोग

वसईहून पुणे-सासवडमार्गे दुसरा मुक्काम पुरंदर तालुक्यातील नायगाव परिसरात करावा. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे या अभियंता-उद्योजकाने या तालुक्यातील दुष्काळी कामांवर राबणारी माणसे पाहिली आणि एकाच कामावर खडी फोडून माणसे जगतील, पण जमीन जगणार नाही, या निष्कर्षास ते आले. त्यांनी नायगाव येथील देवस्थानाची सुमारे ४० एकर जमीन भाडेपट्ट्याने घेतली. मुरमाड, उताराची आणि फारसे उत्पन्न न देणारी अशी ती जमीन होती. बांधबंदिस्ती, पाझर तलाव व विहीर यांच्या योगे तेथे अडविलेल्या पावसावर पीक उभे राहिले. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठानची स्थापना झाली आणि या प्रयोगातून 'पाणी पंचायत' ही कल्पना आकारास आली.

पाणी पंचायतीचे नियम विद्यार्थ्यांनी फळ्यावर लिहून घ्यावेत इतके मूलगामी आहेत. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या संख्येप्रमाणे द्यावयाचा. दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर इतक्याच क्षेत्रास पाणी मिळावयाचे. भूमिहीनांनाही पाण्यात वाटा. उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यावयाचे नाही. योजनेच्या खर्चाचा २० टक्के हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जावयाचा नाही.

यातील भूमिहीनांच्या हक्काचा नियम सर्वांत क्रांतिकारक होय. पाणी ही जमीनमालकाची मालमत्ता असते, हा आपल्याकडील रूढ समज त्याने मोडून काढला. विलासरावांचे २००२ मध्ये निधन झाले. हे नियम मूळच्या योजनांपैकी किती ठिकाणी टिकले, कोठे सैल झाले आणि का, याची चौकशी विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांशी बोलून करावी. देवस्थानांच्या पडीक जमिनी राज्यात अनेक ठिकाणी आहेत. त्यांच्या विश्वस्तांशी ग्रामपंचायतींनी बोलणी करून काय साधता येईल, याचा एक नमुना नायगावच्या माळावर उभा राहिला, हे पंचायत सदस्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

राळेगणसिद्धी : मंदिरातून शिवाराकडे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या या गावाविषयी बरेच लिहिले गेले आहे. सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले, तेव्हा दारूच्या भट्ट्या, कर्ज आणि उन्हाळ्यातील पाणीटंचाई यांनी गाव ग्रासले होते. अण्णांनी प्रथम हात घातला तो संत यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या मंदिराच्या जीर्णोद्धारास, आणि त्यासाठी आपल्या भविष्यनिर्वाह निधीची रक्कम खर्च केली. बंधाऱ्यांची कामे त्यानंतर आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. मंदिराच्या कामावर गावकऱ्यांचे हात प्रथम एकत्र लागले, दारूबंदीचा निर्णय मंदिरात झाला आणि अडचणीत सापडलेल्या कुटुंबांसाठी १९८० च्या सुमारास सुरू झालेली धान्यबँकही मंदिराच्याच आश्रयाने चालली. सुगीला ज्याच्याकडे अधिक त्याने द्यावे, अडलेल्याने न्यावे आणि पुढील सुगीत थोड्या वाढीने परत करावे, असा तिचा व्यवहार होता.

श्रमदान, नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ही पंचसूत्री येथे रुजली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविल्याने विहिरींची पातळी वाढली. १९९२ मध्ये शासनाने सुरू केलेल्या आदर्श गाव योजनेची प्रेरणा याच कामातून मिळाली. गावातील विद्यालयास पिंपळनेरच्या संत निळोबारायांचे नाव आहे आणि अन्यत्र अनुत्तीर्ण झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश देणारी शाळा म्हणून ती ओळखली गेली. शिक्षकांनी ही शाळा अवश्य पाहावी.

मात्र अभ्यास-दौरा ही तीर्थयात्रा नव्हे. दारूबंदीच्या काळात दारू पिऊन येणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याच्या घटना येथे घडल्या, आणि त्या सार्वजनिकरीत्या नाकारल्या गेलेल्या नाहीत. गावातील दलित कुटुंबांच्या शेतात श्रमदान करून त्यांचे कर्ज फेडण्यास गावाने हात दिला, ही अभिमानाची गोष्ट होय. पण गावाच्या चालीरीती ठरविताना त्याच कुटुंबांचे मत किती विचारात घेतले गेले, असाही प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. लोकांच्या संमतीने पाळलेला नियम आणि लोकलज्जेच्या किंवा भयाच्या दडपणाने पाळलेला नियम बाहेरून सारखेच दिसतात. त्यांतील फरक ओळखावयास विद्यार्थ्यास शिकविणे हा दौऱ्याचा एक मुख्य हेतू असला पाहिजे.

हिवरे बाजार : पाण्याचा ताळेबंद

अहिल्यानगर शहरापासून जवळच असलेले हिवरे बाजार हे पुढील गाव. १९८९-९० पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली येथे ग्रामसभेस कामाचे केंद्र करण्यात आले. रोजगार हमी योजना, वनीकरण आणि आदर्श गाव योजना या शासनाच्याच योजना येथे नेटाने राबविल्या गेल्या, हे या गावाचे वैशिष्ट्य होय. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाच्या नाहीत, ऊस व केळी यांसारखी पिके घ्यावयाची नाहीत, असे निर्णय ग्रामसभेने केले. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावात मुस्लिम कुटुंब एकच. त्याच्या प्रार्थनेसाठी गावाने मशीद बांधून दिली. बहुसंख्यांनी एका घराची गरज ओळखली, ही गोष्ट बंधाऱ्यांइतकीच मोलाची मानावी लागेल.

हिवरे बाजारने दिलेला सर्वांत उपयुक्त धडा म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊसमापकावरील नोंदी व विहिरींची पातळी पाहून यंदा किती पाणी उपलब्ध आहे याचा हिशोब ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यानुसार पिके ठरतात. हा हिशोब विद्यार्थ्यांनी गाडीतच कागदावर करून पाहावा.

एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. शिवार १,००० हेक्टरचे आणि पाऊस ४०० मिलिमीटर धरला, तर गावाच्या वाट्यास ४०० कोटी लिटर पाणी येते. त्या गावाची वस्ती १,००० धरू. दरडोई दररोज ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या प्रमाणानुसार वर्षाची घरगुती गरज होते सुमारे २ कोटी लिटर, म्हणजे पडलेल्या पावसाच्या अवघा अर्धा टक्का. तरीही चैत्र-वैशाखात अशा गावी टँकर यावा लागतो.

असे का व्हावे? पडलेल्या पाण्याचा मोठा भाग वाफ होऊन जातो, काही ओढ्यावाटे वाहून जातो आणि जे मुरते ते कोणाच्या तरी पंपाने उपसले जाते. आता उसाचा हिशोब घेऊ. उसास पावसासह वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टरास लागणारे पाणी होते २ कोटी लिटर. म्हणजे एक हेक्टर ऊस आणि एक हजार माणसांचे वर्षभराचे घरगुती पाणी यांचा आकडा एकच येतो. याउलट बाजरीसारखे पीक पाऊस वेळेवर झाल्यास पडलेल्या पावसातच निघू शकते. ज्या विद्यार्थ्याने हा हिशोब स्वतः केला, त्यास पीकबंदीचा ठराव समजावून सांगावा लागत नाही. ज्या पंचायत सदस्याने तो आपल्या गावाच्या आकड्यांनी केला, त्यास ग्रामसभेपुढे भाषणाचीही फारशी गरज पडणार नाही.

दरेवाडी : चराईबंदीची किंमत

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे पाणलोट विकासाचे आणखी एक परिचित गाव. त्याच्या कामामागे फादर हरमन बाखर या स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये भारतात आलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंची प्रेरणा होती. अहमदनगर जिल्ह्यात आयुष्य घालविलेल्या बाखर यांनी दुष्काळात अन्न वाटण्यापेक्षा दुष्काळाचे कारण दूर करण्यावर भर दिला. त्यांच्या पुढाकारातून आणि जर्मनीच्या अर्थसाहाय्याने 'इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम' आकारास आला. नाबार्ड त्यात सहभागी होते, आणि त्यास पूरक म्हणून १९९३ मध्ये 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट'ची स्थापना झाली. फादर बाखर २०२१ मध्ये निवर्तले. एका ख्रिस्ती धर्मगुरूने उभ्या केलेल्या कार्यात सर्व जातिधर्मांची गावे सामील झाली.

या कार्यक्रमाची शिस्त लक्षात घेण्यासारखी आहे. गावाने प्रथम श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करावयाची, मगच योजना यावयाची. कामाच्या मजुरीतील काही हिस्सा गावाने श्रमदानाने भरावयाचा, पण भूमिहीनांना व एकट्या पालकाच्या कुटुंबांना त्यातून सूट. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी मात्र सर्वांस बंधनकारक.

या टप्प्यावर दौऱ्यातील सर्वांत अवघड प्रश्न समोर येतो. डोंगरमाथ्यावर समतल चर खोदले, झाडे लावली आणि गुरे-शेळ्या सोडण्यास बंदी झाली, म्हणजे पाणी मुरते ते डोंगराच्या अंगावर, आणि विहीर भरते ती पायथ्याच्या शेतकऱ्याची. डोंगरावर शेळ्या चारून पोट भरणारा मेंढपाळ किंवा भूमिहीन मजूर यास त्याच दिवसापासून चारा विकत आणावा लागतो अथवा शेळ्या विकाव्या लागतात. पाच-सहा वर्षांनी गवत वाढते, कापून नेण्यास मिळते, शेतीत मजुरी वाढते, हे खरे. परंतु मधली वर्षे त्याने कशी काढावयाची? गरिबाच्या शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात. ती विकून गावाची विहीर भरली, तर विहिरीच्या पाण्यात त्या शेळीवाल्याचाही वाटा असावयास हवा. नायगावच्या पाणी पंचायतीने भूमिहीनास पाण्याचा हक्क दिला, त्याचे महत्त्व दरेवाडीच्या डोंगरावर उभे राहिल्यावरच पुरते ध्यानात येते.

म्हणून प्रत्येक गावात सरपंच व प्रगतिशील शेतकरी यांच्या मुलाखतींबरोबरच किमान एक भूमिहीन कुटुंब, एक शेळ्या-मेंढ्या पाळणारे कुटुंब आणि पाणी भरणाऱ्या चार स्त्रिया यांच्याशी विद्यार्थ्यांनी बोललेच पाहिजे, असा दंडक दौऱ्याच्या प्रमुखाने घालून द्यावा.

वर्धा : टिकाऊ अर्थव्यवस्था आणि ऋषी-शेती

शिर्डीपासून समृद्धी महामार्गाने वर्ध्याकडे जाता येते. या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२ मध्ये खुला झाला. दोन दिवस वर्ध्यास द्यावेत. गांधीजी १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे त्यास सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील माती-बांबूची 'बापू कुटी' आणि सर्वधर्म प्रार्थनेची मोकळी जागा पाहिल्यावर थोड्या साधनांत नेटके जगणे म्हणजे काय, याची कल्पना येते. १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' पुढे आली. हातांनी केलेल्या कामातून ज्ञान मिळावे हे तिचे सूत्र होते. अभ्यास-दौऱ्याची कल्पनाही मुळात त्याच जातीची आहे.

वर्धा शहरातील मगनवाडी हे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे ठाणे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संघाची धुरा जो. कॉ. कुमारप्पा यांनी वाहिली. श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या आणि परदेशी अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या कुमारप्पांनी १९४२ च्या आंदोलनानंतरच्या कारावासात 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा ग्रंथ लिहिला. कोळसा व खनिज तेल यांसारख्या संपणाऱ्या साठ्यांवरची अर्थव्यवस्था कलह निर्माण करते, तर पुन्हापुन्हा निर्माण होणाऱ्या साधनांवरची अर्थव्यवस्था टिकते, हे त्यांचे प्रतिपादन. 'शाश्वत विकास' हा शब्द सर्वतोमुखी होण्याच्या कितीतरी आधी हा विचार वर्ध्यात मांडला गेला होता. १९३८ मध्ये सुरू झालेले मगन संग्रहालय येथेच आहे.

धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबांचा परमधाम आश्रम आहे. १९५० मध्ये येथे 'कांचनमुक्ती'चा प्रयोग झाला. पैशावाचून, आपल्या श्रमावर अन्न पिकवून जगावयाचे, असा तो संकल्प होता. बैलांचीही मदत न घेता केवळ मानवी श्रमाने केलेल्या शेतीस विनोबांनी 'ऋषी-शेती' म्हटले. या श्रमांतूनच भूदानाची पार्श्वभूमी तयार झाली आणि १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले. २५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी पवनार येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, आश्रमाचा कारभार त्यांनीच चालवावा आणि निर्णय सर्वसंमतीने व्हावेत, ही त्यामागील कल्पना. शेत खणताना सापडलेली भरत-राम भेटीची प्राचीन मूर्ती येथील मंदिरात आहे. जमिनीची मशागत करताना लाभलेले हे दैवत आश्रमाच्या जीवनक्रमाचे प्रतीकच म्हणावे लागेल. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी येथेच देह ठेवला.

राळेगणचा बहुमताने अथवा वडीलधाऱ्या नेतृत्वाने घेतलेला निर्णय आणि पवनारची सर्वसंमती यांची तुलना करण्याचे काम विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे सोपवावे. सर्वसंमतीस वेळ लागतो. पण तिच्यात एकाही माणसास बाजूला सारता येत नाही. लहान आश्रमात जे साधते ते दोन हजार वस्तीच्या गावात साधेल काय, हा वादविवादाचा सुंदर विषय आहे.

नियोजनाबाबत काही सूचना

दौऱ्याची वेळ माघ-फाल्गुनात धरणे सोयीचे. रब्बीची पिके शेतात उभी असतात आणि विहिरींची पातळी उतरू लागलेली असते, त्यामुळे पाण्याची श्रीमंती व टंचाई दोन्ही डोळ्यांना दिसतात. तीस विद्यार्थ्यांहून मोठी तुकडी नेऊ नये. लहान गावावर तिचा भार पडतो. निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीस व संस्थांना पत्राने कळवून संमती घ्यावी. भोजन-निवासाचा खर्च चोख द्यावा आणि शक्य तेथे अर्धा दिवस श्रमदान करावे.

मंदिर, चर्च, मशीद किंवा आश्रम येथे तेथील रीत पाळावी. प्रार्थनेच्या वेळी छायाचित्रे घेऊ नयेत. ज्याची श्रद्धा वेगळी आहे किंवा ज्यास श्रद्धाच नाही अशा विद्यार्थ्यास प्रार्थनेत सामील होण्याची सक्ती करू नये. बाजूस शांत बसून पाहणे पुरेसे आहे. आपल्या प्रश्नांनी कोणाच्या श्रद्धेचा उपमर्द होणार नाही, आणि श्रद्धेच्या आदरापोटी आवश्यक प्रश्न विचारावयाचा राहणार नाही, हा तोल सांभाळणे शिक्षकाचे काम होय.

प्रत्येक गावी चार नोंदी सारख्याच पद्धतीने घ्याव्यात : दोरी सोडून मोजलेली तीन विहिरींची पाण्याची पातळी, उभ्या पिकांची यादी व अंदाजे क्षेत्र, गावाने केलेले नियम आणि ते मोडणाऱ्यास होणारी शिक्षा, त्या नियमांनी कोणाचा लाभ व कोणाची हानी झाली याविषयी निरनिराळ्या घरांचे म्हणणे. परतल्यावर या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे निष्कर्ष आपोआप दिसू लागतील.

ग्रामपंचायतींसाठी

अशा तुकड्या येतात तेव्हा पाहुणचारापेक्षा माहितीची गरज अधिक असते. पावसाच्या नोंदी, विहिरींची नोंदवही, ग्रामसभेचे इतिवृत्त आणि जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ठेवावयाची जैवविविधता नोंदवही ही अद्ययावत असल्यास गावाचा इतिहास विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यास प्रतिबंध करणारी तरतूद राज्याने १९९३ च्या भूजल कायद्यातच केली होती. आपल्या गावी ती कितपत पाळली गेली, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याचे उत्तर देता आले पाहिजे. दौऱ्याचा अहवाल महाविद्यालयाने संबंधित ग्रामपंचायतीस पाठवावा आणि तो ग्रामसभेत वाचला जावा. आपल्याविषयी बाहेरच्यांनी काय पाहिले, हे ऐकण्याचा हक्क गावालाही आहे.

वसईत चर्चने, राळेगणात मंदिराने, पवनारला आश्रमाने माणसे जोडली, हे या मार्गावर पुन्हापुन्हा दिसते. त्याचबरोबर असेही दिसते की, जोडलेली माणसे शेवटी आकड्यांवर, नियमांवर आणि न्याय्य वाटपावर टिकतात. पेरणी उरकून पंढरीची वाट धरणाऱ्या वारकऱ्यास शिवार आणि विठ्ठल यांत विरोध कधीच वाटला नाही. पाण्याच्या वाटपात शेवटच्या घराचाही हिस्सा धरला गेला, तरच ही परंपरा पुढील पिढीच्या शेतीस उपयोगी पडेल. तो हिस्सा धरला गेला की नाही, हे दोरी आणि वही घेऊन मोजावयास शिकलेले तीस विद्यार्थी एका महाविद्यालयातून बाहेर पडले, तर आठ दिवसांचा प्रवास कारणी लागला असे समजावे.